नागरिकत्वाचा कागद अडतो कुठे?

शेत विकत घेतले, पैसे मोजले, खरेदीखतही झाले. तरी फेरफार मंजूर होऊन सात-बाराला नाव लागेपर्यंत शेतकऱ्याच्या जिवाला घोर असतो. तलाठ्याकडे किती हेलपाटे घातले, ते त्याचे त्यालाच ठाऊक. शेताच्या कागदाचे हे असे, तर देशाच्या कागदाचे कसे असेल?

देशाचा कागद म्हणजे नागरिकत्वाचा दाखला. आपल्यापैकी बहुतेकांना तो कधी मागावा लागला नाही. आपण जन्मानेच नागरिक झालो. पण दुसऱ्या देशातून येऊन इथे राहिलेल्या माणसाला अर्ज करावा लागतो. त्या अर्जाला वर्षे का लागतात, ते आम्ही इथे सांगतो.

आधी थोडा मागचा इतिहास पाहू. १९४७ साली फाळणी झाली. सिंधमधून हजारो माणसे आली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांना जागा दिली. तेच आजचे उल्हासनगर. मूळ या देशाचे जे लोक १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथे राहिले, त्यांना राज्यघटनेनेच नागरिक मानले. नंतर आलेल्यांना अर्ज करून नाव नोंदवावे लागले. पुढे १९५५ साली नागरिकत्वाचा कायदा झाला. पाकिस्तानातून माणसे त्यानंतरही येत राहिली.

हा कायदा काय म्हणतो? अर्जाच्या आधीचे सलग १२ महिने माणूस भारतात राहिलेला पाहिजे. त्याच्याही आधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षे राहिलेला पाहिजे. वर्तन चांगले पाहिजे. घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक तरी भाषा त्याला आली पाहिजे. आपली मराठी त्या यादीत आहे. लग्न होऊन आलेल्या सुनेची वाट वेगळी. तिने ७ वर्षे इथे राहून नोंदणीचा अर्ज करायचा.

आता अर्जाची वाट बघा. अर्ज कलेक्टर कचेरीत जातो. चौकशी होते. मग तो मुंबईला राज्य सरकारकडे आणि तिथून दिल्लीला गृह मंत्रालयाकडे जातो. २००९ च्या नियमांप्रमाणे कलेक्टरने ६० दिवसांत आणि राज्य सरकारने ३० दिवसांत कागद पुढे धाडायचा. पण एका टेबलावर फाईल थांबली, की पुढची सारी टेबले वाट बघत बसतात.

कागदांचाही घोळ असतो. पासपोर्टात नाव एक, लग्नाच्या दाखल्यात दुसरे. मग खुलासा मागतात. तेवढ्यात जुन्या देशाच्या पासपोर्टाची मुदत संपते. तो नवा करायला त्याच देशाच्या वकिलातीकडे धाव घ्यावी लागते. शेवटी जुने नागरिकत्व सोडल्याचा पुरावाही द्यावा लागतो.

तोवर माणूस ना इकडचा ना तिकडचा. त्याला मत देता येत नाही. भारताचा पासपोर्ट मिळत नाही. माहेरी बाप आजारी पडला, तरी जाऊन परत येता येईल का, ही धास्ती असते. आणि मुलांचे काय? ३ डिसेंबर २००४ पासून इथे जन्मलेल्या मुलाचे आईबाप दोघेही परदेशी असले, तर ते मूल जन्माने नागरिक होत नाही. म्हणजे आईबापांचा कागद अडला, की लेकराचाही अडतो.

सरकारने काही वाटा जवळच्या केल्या. २०१६ साली नागपूर, मुंबई, पुणे, ठाणे यांसह १६ जिल्ह्यांच्या कलेक्टरांना दाखला देण्याचा अधिकार दिला. तो पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांपुरता होता. याच लोकांपैकी २०१४ अखेरपर्यंत आलेल्यांसाठी डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला. ११ वर्षांची अट ५ वर्षांवर आली. पण नियम निघाले ११ मार्च २०२४ ला! चार वर्षांहून अधिक काळ त्यातच गेला. इतरांना जुनीच अट राहिली.

कोणी ओळखीचा माणूस असा खोळंबला असेल, तर त्याला चार गोष्टी सांगा. अर्जाची पोच आणि नंबर जपून ठेव. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे करून घे. पासपोर्टाची मुदत संपण्याआधी जागा हो. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नको. रेशन कार्ड किंवा आधार कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. नागरिक नसताना मतदार यादीत नाव घालणे हा तर गुन्हा आहे.

सरकारने चौकशी जरूर करावी. देशाच्या दारात कोण उभा आहे, हे पाहिलेच पाहिजे. पण आमचे म्हणणे असे, की ‘हो’ किंवा ‘नाही’ हे उत्तर वेळेवर द्यावे. ‘नाही’ म्हटले तर माणूस दुसरी वाट धरतो. उत्तरच आले नाही, तर त्याचे अर्धे आयुष्य दारातच निघून जाते.