होजिअरीचा बदलता स्पर्श

होजिअरीचे कापड हाताला मऊ लागते ते मुख्यतः विणीमुळे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना आवळून बसलेले असतात. इथे मात्र धागा वळणे घेत एका टाक्यातून पुढचा टाका ओढत जातो. असे कापड ताणले की आधी धागा लांबत नाही, टाक्याचा आकार बदलतो. टाका आडवा पसरतो, कापड पातळ होते, भोके उघडतात. ताण सुटल्यावर तो टाका मूळ आकारात कितपत परततो, यावर पुढचा स्पर्श ठरतो.

नॉटिंगहॅमशरमधील कॅल्व्हर्टनच्या विल्यम लीने 1589 मध्ये मोजे विणायचे यंत्र बनवले. लोकरीच्या मोज्यात परतण्याची अडचण फारशी नव्हती, कारण लोकरीचा तंतू मुळातच कुरळा. सुताला ही देणगी नाही. 1758-59च्या सुमारास डर्बीशरच्या जेडेडाया स्ट्रटने यंत्राला जोड देऊन रिब, म्हणजे सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या पट्ट्यांची वीण, यंत्रावर शक्य केली. आडव्या ताणानंतर ती साध्या विणीपेक्षा पुष्कळ चांगली आवळते. बनियनच्या गळ्याला आणि मोज्याच्या काठाला रिब लागते ती त्यासाठीच.

झीज सर्वांत स्पष्ट दिसते ती सुती बनियनमध्ये. दुकानातल्या नव्या बनियनचा गुळगुळीतपणा बराचसा कारखान्यात चढवलेल्या सॉफ्टनरचा असतो आणि काही धुण्यांत तो निघून जातो. त्याच धुण्यांत यंत्रावर लांबीकडे ओढले गेलेले टाके सैलावतात. बनियन आखूड होते, वीण दाट होते. मग अंगाशी आणि धुताना होणाऱ्या घर्षणाने तंतूंची टोके सुटून बारीक लव येते. बनियन सर्वांत सुखद असते ते या टप्प्यावर. जुन्या बनियनचा सर्वांना आवडणारा मऊपणा ही झीजच असते, फक्त सुरुवातीची. पुढे सुटलेले तंतू गळून पडतात, काखेत आणि मानेमागे कापड विरते, गळा ढगळ होतो.

या स्पर्शाला मोजपट्टी लावण्याचा पाया इंग्लंडमध्ये एफ. टी. पीअर्स यांनी घातला. कापडाची पट्टी स्वतःच्या वजनाने किती झुकते, यावरून ताठरपणा मोजण्याची पद्धत त्यांनी 1930 मध्ये मांडली.

15 मे 1940 रोजी अमेरिकेत नायलॉनचे पायमोजे सर्वत्र विक्रीला आले. रेशमापेक्षा ते टिकाऊ, आणि वाफेच्या उष्णतेने पायाच्या आकारात पक्के करता येणारे. पण तलम विणीचा जुना दोष राहिलाच: नखाने एक टाका तुटला की खालपर्यंत उभी रांग उसवत जाते. 15 डेनिअरच्या 9000 मीटर धाग्याचे वजन अवघे 15 ग्रॅम भरते. एवढ्या बारीक धाग्याला खरखरीत टाचसुद्धा पुरते.

1958 मध्ये ड्यूपाँटच्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स तयार केले. लायक्रा हे त्याचेच व्यापारी नाव. मूळ लांबीच्या पाचपट ताणूनही ते परत येते. सुताबरोबर थोडेसे विणले तरी कापडाला अंगाबरोबर आवळण्याची ताकद येते. मात्र क्लोरीनचे ब्लीच आणि जास्त उष्णता त्याला सोसत नाही. सुताच्या आत दडलेला हा धागा तुटू लागला तरी वरून कापड धडधाकट दिसते. मोजा घोट्यावरून घसरू लागला की मग कळते. इथे झीज स्पर्शाला कळण्याआधी पकडीला कळते.

स्पर्शाची मोजणीही पुढे सरकत होती. 1959 मध्ये संशोधक मुंडन यांनी दाखवले की साध्या विणीच्या कापडाची मापे मुख्यतः एका टाक्यात किती धागा आहे यावर अवलंबून असतात. पुढे 1970च्या दशकात जपानच्या सुएओ कावाबाता यांनी ताण, वाक, दाब, घर्षण आणि खडबडीतपणा यांची बारीक मोजणी करणारी यंत्रे बनवली आणि हाताने कापड चाचपणाऱ्या तज्ज्ञांच्या मताशी त्यांची सांगड घातली.

सूत-पॉलिएस्टरच्या मिश्रणाने नवी कटकट आणली: सुट्या तंतूंचे गोळे. सुताचे गोळे झडून जातात, पण पॉलिएस्टरचे चिवट तंतू त्यांना धरून ठेवतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सुती तंतूंची सुटी टोके खाणारे सेल्युलेज विकर त्यावरचा उपाय ठरला. पॉलिएस्टरवर त्याचा परिणाम होत नाही, आणि सुतावर ते जास्त वेळ ठेवले तर कापडाची ताकद घटते. म्हणून ठरलेल्या वेळी पाणी तापवून किंवा अल्कली घालून त्याचे काम थांबवावे लागते.