निर्वात नळीपासून रणांगणापर्यंत

शरीरांत रुतलेली गोळी कोठें आहे हें कळल्यावांचून शस्त्र चालवावयाचें, म्हणजे अंधारांत चांचपडणेंच. हा अंधार दूर करणारा शोध मात्र रुग्णालयांत लागला नाहीं. जवळजवळ निर्वात केलेल्या कांचेच्या नळींतून वीज सोडली असतां काय घडतें, एवढेंच कुतूहल त्यामागें होतें. १८९५ सालीं जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें राँटगेन यांना अशा नळीपासून निघणारे क्ष-किरण आढळले. १८९७ सालीं केंब्रिजच्या जे. जे. टॉमसन यांनीं तसल्याच नळींतील प्रवाह अणूहूनही सूक्ष्म अशा ऋणभारित कणांचा असल्याचें दाखविलें. हा इलेक्ट्रॉन म्हणजे मूलकणशास्त्राचा आरंभ आणि इलेक्ट्रॉनिकीचा पाया.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें, तेव्हां फ्रान्समध्यें मेरी क्यूरी यांनीं मोटारींत क्ष-किरणयंत्र बसविलें. मोटारीच्याच इंजिनावर डायनामो फिरे, वीज निर्माण होई आणि सैनिकाच्या देहांतील गोळी रणांगणाजवळच शल्यवैद्याला दिसे.

नळीशीं रमलेल्या त्या संशोधकांना हा जखमी ठाऊक नव्हता; तरी त्याच्या उपयोगी पडलें तें त्यांचेंच कुतूहल. म्हणून ‘याचा उपयोग काय?’ असें पहिल्याच दिवशीं विचारून कोणाच्या प्रयोगशाळेंतील दिवा आपण मालवूं नये.