नोटीस न देता पार्ट-टाइम जॉब सोडला, तर पुढच्या नोकरीत अडचण येते का?

सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी कॅफे, मोबाईलचं दुकान, कोचिंग क्लास नाहीतर कॉल सेंटर. पुण्यासारख्या शहरात अशा वेळापत्रकावर जगणारी पोरं गल्लोगल्ली भेटतात. मग परीक्षा जवळ येते, शिफ्ट जमेनाशी होते किंवा मॅनेजरशी वाजतं, आणि अनेक जण सगळ्यात सोपा मार्ग निवडतात. उद्यापासून जायचंच नाही. फोन उचलायचा नाही, कामाच्या व्हॉट्सअप ग्रुपमधून लेफ्ट व्हायचं, विषय संपला.

प्रश्न पडतो तो दोन-तीन वर्षांनी. पहिल्या मोठ्या नोकरीचं ऑफर लेटर हातात येतं आणि कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म पाठवते. त्यात रकाना असतो, 'यापूर्वी कुठे नोकरी केली आहे का?' इथे पोटात गोळा येतो.

आधी कायद्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त घाबरवलं जातं ते त्याच नावाने. नोटीस न देता काम सोडणं हा गुन्हा नाही. 'पोलिसांत देतो' ही धमकी यासाठी पोकळच असते. पैशांचा घोळ किंवा चोरी असेल तर गोष्ट वेगळी. कोर्टही कुणाला जबरदस्तीने कामावर परत पाठवत नाही. लेखी करारात नोटीस पिरियड लिहिलेला असेल तर मालक नोटीसचे पैसे मागू शकतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार करार मोडल्याची भरपाईही मागता येते, पण त्यासाठी नुकसान झालं हे दाखवावं लागतं. महिना आठ-दहा हजारांच्या पोरासाठी कॅफेवाला कोर्टाची पायरी चढेल, याची शक्यता किती? आणि बहुतेक ठिकाणी लेखी करारच नसतो. डिलिव्हरी ॲपवर काम करणाऱ्यांना तर लॉगिन बंद केलं की झालं.

मग माग राहतो कुठे? तर पीएफमध्ये.

२० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना साधारणपणे पीएफ लागू होतो आणि ठरलेल्या मर्यादेतला पगार असेल तर पार्ट-टाइम मुलंही त्यात येतात. कॉल सेंटर, मोठी कॉफी चेन, मॉलमधलं शोरूम अशा ठिकाणी तीन महिने काम केलं तरी यूएएन हा बारा अंकी नंबर तयार होतो. तो आयुष्यभर एकच. कुठल्या कंपनीत कधी रुजू झालात आणि कधी सोडलं, हे सगळं त्याला जोडलेलं असतं. नवीन नोकरीत रुजू होताना पीएफचा जो फॉर्म ११ भरून घेतात, त्यातही आधी पीएफचे सदस्य होतात का, हे विचारलेलं असतं.

खरी गोची पुढे आहे. नोकरी सोडल्याची तारीख म्हणजे 'डेट ऑफ एक्झिट' ही मुळात कंपनीने भरायची असते. मुलगा न सांगता गायब झाला, कंपनीनेही लक्ष दिलं नाही, तर ती जागा रिकामी राहते. म्हणजे कागदोपत्री तो अजून तिथेच कामाला आहे! नव्या कंपनीला एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतात. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं रिशद प्रेमजींनी जाहीर केलं होतं. मूनलायटिंगचा तो गाजावाजा झाल्यापासून असा ओव्हरलॅप दिसला की एचआर प्रश्न विचारणारच.

यावर उपाय आहे, आणि फुकट आहे. २०२० पासून ही तारीख कर्मचाऱ्याला स्वतः भरता येते. शेवटच्या पीएफ जमा झालेल्या महिन्यानंतर दोन महिने थांबायचं, ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करायचं आणि 'मार्क एक्झिट' निवडायचं. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. जुन्या मालकाच्या पाया पडायची गरज नाही.

सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवायची. केंद्र सरकारच्या नोकरीत निवड झाल्यावर जो साक्षांकन फॉर्म भरावा लागतो, त्यात खासगी नोकऱ्यांचाही तपशील आणि सोडण्याचं कारण विचारलेलं असतं. माहिती लपवली तर अपात्र ठरू शकता, हा इशाराही त्यातच छापलेला असतो. तिथे 'अभ्यासासाठी सोडली' लिहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही. रकाना कोरा सोडल्याने बिघडू शकतं. खासगी कंपन्यांतही तेच. एकोणिसाव्या वर्षी कॅफेतलं काम अर्धवट सोडलं, याचं एचआरला फारसं काही वाटत नाही. फॉर्मवर 'नाही' लिहिलं आणि पीएफमध्ये 'हो' निघालं, तर मात्र ऑफर जाऊ शकते.

न सांगता गेल्याने जे हमखास जातं ते म्हणजे स्वतःचे पैसे. शेवटच्या वीस-बावीस दिवसांचा पगार बहुतेक जण लाजेखातर मागतच नाहीत. मालकाला तेच हवं असतं. खरं तर वेतन संहिता २०१९ मधल्या कलम १७ नुसार राजीनामा दिलेल्या माणसाचाही पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. पण त्यासाठी राजीनामा दिल्याचा पुरावा लागतो, आणि ग्रुपमधून लेफ्ट होणं हा काही राजीनामा नाही.

अनुभवाचं पत्रही असंच हातचं जातं. बीकॉमच्या मुलाला सहा महिने काउंटर सांभाळल्याचं पत्र पहिल्या मुलाखतीत खरोखर कामाला येतं. शिवाय कोचिंग क्लास, हॉटेल, इव्हेंट यांसारख्या धंद्यांत एका शहरातले लोक एकमेकांना ओळखतात. तिथे पीएफपेक्षा एक फोन वेगाने फिरतो. त्याच क्षेत्रात पुढे जायचं असेल तर तेवढी काळजी रास्त आहे.

ज्यांनी आधीच सोडलंय, त्यांनाही उशीर झालेला नाही. ईमेल किंवा व्हॉट्सअपवर एवढं पुरतं: 'सर, परीक्षेमुळे मला अमुक तारखेपासून काम सुरू ठेवता आलं नाही. आधी कळवू शकलो नाही, त्याबद्दल क्षमस्व. हाच माझा राजीनामा समजावा. राहिलेला पगार आणि अनुभवाचं पत्र मिळावं, ही विनंती.' उत्तर नाही आलं तरी स्क्रीनशॉट जपून ठेवायचा. युनिफॉर्म, आयकार्ड, दुकानाची चावी घरी राहिली असेल तर परत करून पोच घ्यायची. आणि यूएएनला जोडलेलं सिम कार्ड बंद करायच्या आधी पोर्टलवर नंबर बदलून घ्यायचा.