खसखशीएवढा गोचीड

अनारशावरचा खसखशीचा एक दाणा तळहातावर घेऊन बघा. अमेरिकेच्या ईशान्य भागात उन्हाळ्याच्या तोंडाशी गवतात नि पाचोळ्यात टपून बसलेलं काळ्या पायांच्या गोचिडाचं पिल्लू एवढंच असतं. गुरांच्या कानात फुगलेले गोचीड पाहिलेल्या माणसाला ते दिसणारही नाही. लाळेनं कातडी बधिर करून ते चिकटतं, त्यामुळे चावल्याचं कळतही नाही. त्याच्या पोटात कधीकधी असतो मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू, बोरेलिया.

कनेटिकट राज्यातल्या लाइम गावात १९७५च्या सुमारास मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे या आईनं चिकाटीनं नोंदी ठेवल्या, आरोग्य खात्याचं दार ठोठावलं, आणि येल विद्यापीठाचे ॲलन स्टिअर या ‘लाइम’ रोगाच्या तपासाला लागले. १९८१मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडाच्या आतड्यात तो पिळदार जीव सापडला. त्या आईच्या वहीशिवाय हे सगळं किती लांबलं असतं!

या जिवाणूची करामत थक्क करते. गोचिडाच्या पोटात असताना तो प्रथिनाचं एक आवरण पांघरून असतो. ऊन रक्त आत येऊ लागलं की ते टाकून दुसरं चढवतो आणि लाळेकडे निघतो. या प्रवासाला बहुधा दिवसभराहून अधिक वेळ लागतो, म्हणूनच गोचीड वेळीच काढला तर माणूस सहसा वाचतो. त्याहून नवल म्हणजे याला लोह लागत नाही. जंतू उपाशी मरावेत म्हणून आपलं शरीर लोह दडवून ठेवतं. हा मँगनीजवर भागवतो.

मग यावर निसर्गोपचार आहे का? २०२०मध्ये क्रिप्टोलेपिस या आफ्रिकी वनस्पतीच्या अर्कानं परीक्षानळीत हे जिवाणू मेले. पण परीक्षानळी म्हणजे माणूस नव्हे. लाइम बरा करते असं रुग्णांवर सिद्ध झालेली एकही वनस्पती आज नाही, आणि काढे घेत दवडलेल्या दिवसांत हा रोग सांधे, मज्जातंतू, कधी हृदयही गाठतो.

औषध आहे ते डॉक्सिसायक्लिन. लवकर सुरू केलं तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. आणि त्याचं मूळ कुठलं? मातीतलं! मिसूरीतल्या शेताच्या मातीतून बेंजामिन डगर यांनी एक सोनेरी जिवाणू वेगळा केला. त्यापासून १९४८मध्ये टेट्रासायक्लिन घराण्यातलं पहिलं औषध आलं, तेव्हा डगर काम करत त्या प्रयोगशाळेत संशोधनाची धुरा आपल्या आंध्रच्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होती. डॉक्सिसायक्लिन त्याच घराण्यातलं. मातीतूनच १९५३ साली मिळालेलं हायग्रोमायसिन ए इतर जंतूंवर फारसं चालत नाही म्हणून बाजूला पडलं होतं. २०२१मध्ये त्यानंच उंदरांमधला लाइमचा संसर्ग निपटून काढला. माणसांसाठी ते अजून हाती आलेलं नाही, पण मला तरी निसर्गाचा उपचार म्हणतात तो हाच वाटतो.

मुलांकडे न्यू जर्सीला किंवा कनेटिकटला उन्हाळ्यात जाणार असाल तर रानवाटेवरून परतल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची खोबण, केसांची मुळं बघा. गोचीड दिसला तर त्याला तेल लावू नका, काडीनं चटका देऊ नका. बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. पुढच्या महिनाभरात ताप आला किंवा अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठला, तर तो दुखत-खाजत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि गोचिडाची गोष्ट आधी सांगा.