परवाना किती जणांचा, किती संगणकांचा?

मागच्या भागात आपण मुक्त सॉफ्टवेअरबद्दल बोललो. तिथे कितीही संगणकांवर टाका, कितीही जणांनी वापरा, कुणी अडवत नाही. आज पैसे मोजून घ्यायच्या सॉफ्टवेअरकडे वळू, आणि त्यातल्याही एकाच प्रश्नाकडे. एकदा पैसे भरले की ते किती जणांनी आणि किती संगणकांवर वापरायचे? विकणारे हा प्रश्न एका आकड्यात मिटवतात. "पाच युजरचं आहे, काही काळजी करू नका." पण पाच काय? पाच माणसे, पाच यंत्रे, की एका वेळी पाच जण? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, किमतीही वेगळ्या आहेत, आणि परवान्यावरून होणारे बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

अमेरिकेच्या नौदलाला हा वाद चांगलाच भोवला. बिटमॅनेजमेंट नावाच्या जर्मन कंपनीचे 'बीएस कॉन्टॅक्ट जिओ' हे त्रिमितीय दृश्ये पडद्यावर फिरवून पाहण्याचे सॉफ्टवेअर होते. नौदलाने एका मध्यस्थ विक्रेत्यामार्फत त्याचे ११९ परवाने घेतले. सुरुवातीचा हिशेब सरळ होता. एक परवाना, एक संगणक. दुसऱ्या संगणकावर ते चालू नये म्हणून कंपनीने आतून कुलूपही घातले होते. पुढे नौदलाला तेच सॉफ्टवेअर आपल्या साऱ्या जाळ्यावर हवे झाले. मग बेत असा ठरला की टाकून ठेवायचे सगळीकडे, पण एका वेळी उघडायचे ठरावीक जणांनीच. एकाने बंद केले की त्याची जागा दुसऱ्याला. ही मोजणी करायला फ्लेक्सेरा नावाचे वेगळे सॉफ्टवेअर जोडायचे होते. त्यासाठी कंपनीने आपले कुलूप काढून दिले, आणि २०१३ ते २०१५ या काळात सॉफ्टवेअर चार लाखांहून अधिक संगणकांवर पोचले.

प्रत्यक्षात त्यातल्या एकाही प्रतीला ठरल्याप्रमाणे ती मोजणी जोडली गेली नाही. २०१६ मध्ये कंपनी न्यायालयात गेली आणि तिने जवळपास ६० कोटी डॉलर मागितले. तिचा हिशेब होता प्रत्येक प्रतीमागे एक परवाना. खालच्या न्यायालयाने नौदलाची बाजू घेतली. कंपनीला सगळे ठाऊक होते आणि तिने मदतही केली, तेव्हा तिची संमती होतीच, असे तिथे ठरले. २०२१ मध्ये अपिलात हा निकाल फिरला. संमती होती, पण ती मोजणीच्या अटीवर होती. अट पाळली नाही, म्हणून संमतीचा आधार घेता येणार नाही, असे अपील न्यायालयाने सांगितले. एवढे होऊनही २०२२ मध्ये भरपाई ठरली ती १,५४,४०० डॉलर! प्रती लाखोंनी पडून होत्या, पण त्या उघडून वापरणारे फार थोडे होते, आणि न्यायालयाने भाव ठरवताना वापर पाहिला.

६० कोटी आणि दीड लाख यांमधले सगळे अंतर 'मोजायचे काय' या एका प्रश्नातून आलेले आहे. मला हा खटला फार महत्त्वाचा वाटतो तो यासाठीच. इतक्या मोठ्या संस्थेला जे करार करताना लिहून घ्यायचे सुचले नाही, ते चार टेबलांच्या कार्यालयात सुटून जाणे किती सोपे आहे!

एके काळी हा प्रश्न याहून सोप्या भाषेत सुटला होता. १९८०च्या दशकात टर्बो पास्कलमुळे गाजलेल्या बोरलँड कंपनीने आपल्या परवान्यात म्हटले होते की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा. कितीही जणांनी वाचावे, एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यावे, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी दोघे वापरताहेत असे होता कामा नये. सामान्य माणसाला एका वाचनात कळेल असा दुसरा परवाना माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडच्या डीटीपीच्या खोल्यांत हेच तत्त्व वेगळ्या रूपात होते. मराठी फाँटच्या पॅकेजबरोबर एक लॉक यायचे आणि ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावावे लागायचे. सॉफ्टवेअर दोन संगणकांवर टाकलेले असले तरी लॉक ज्याला, काम त्यावर. लॉक हरवले की धंदा बंद, म्हणून रात्री ते काढून कपाटात ठेवणारे मालक होते.

आता आपल्या रोजच्या व्यवहारातल्या सॉफ्टवेअरकडे येऊ. टॅलीचा सिल्व्हर परवाना एका संगणकासाठी असतो. दोन अकाउंटंटना एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर गोल्ड लागतो. तो त्या कार्यालयाच्या जाळ्यावर कितीही जणांना चालतो. शाखा दुसऱ्या गावात असेल तर तिचा विचार वेगळा. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. संगणक बदलताना जुन्या यंत्रातून परवाना 'सरेंडर' करायचा असतो आणि मगच नव्यावर ॲक्टिव्हेट करायचा असतो. संगणक दुरुस्तीवाला येतो, फॉरमॅट मारतो, आणि ऐन जीएसटी रिटर्नच्या तारखेला टॅली विद्यार्थ्यांच्या मोफत आवृत्तीत उघडते. फॉरमॅटच्या आधी दोन मिनिटे दिली असती तर पुढची धावपळ वाचली असती.

अँटीव्हायरसच्या खोक्यावर '१ युजर, १ वर्ष' असे छापलेले असते, पण मोजला जातो संगणक. घरात एकच माणूस आणि त्याचे दोन लॅपटॉप असतील, तरी त्याला दोनचे खोके घ्यावे लागते. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या फॅमिली योजनेत उलट आहे. तिथे माणसे मोजतात, जास्तीत जास्त सहा, आणि प्रत्येकाला एका वेळी पाच उपकरणांवर साइन-इन करता येते. त्याच कंपनीचे एकरकमी पैसे भरून घेतलेले ऑफिस मात्र एकाच संगणकापुरते. आणि संगणकाबरोबर आलेली ओईएम विंडोज त्या संगणकाशीच बांधलेली असते. तो भंगारात गेला की ती नव्या यंत्रावर नेता येत नाही.

सर्व्हर असलेल्या संस्थांना 'कॅल' हा प्रकार समजून घ्यावाच लागतो. विंडोज सर्व्हर विकत घेतला म्हणजे झाले नाही. त्याला जोडणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळा परवाना लागतो, तो कॅल. तो यंत्राच्या नावाने घेता येतो किंवा माणसाच्या. रुग्णालयाच्या काउंटरवर एकच संगणक आहे आणि तीन पाळ्यांत तीन कर्मचारी बसतात, तर यंत्राचा एक कॅल पुरतो. माणसांचे घेतले तर तीन लागतील. डॉक्टर मात्र टेबलावरचा संगणक, लॅपटॉप आणि टॅब्लेट असे तिन्ही वापरत असतील, तर त्यांच्या नावाचा एक घ्यावा. कागद-पेन घेऊन अर्धा तास बसले तर खर्च बराच कमी होऊ शकतो. पण बहुतेक ठिकाणी विक्रेता सांगेल तो आकडा कोटेशनमध्ये जातो.

आणखी एक समजूत काढून टाकायला हवी. 'चालतंय ना, म्हणजे परवानगी आहे' असे अनेकांना वाटते. साधे कॅल संपले तरी विंडोज सर्व्हर कुणाला अडवत नाही. मोजायची जबाबदारी तुमची असते. नौदलाच्या त्या चार लाख संगणकांवरही सॉफ्टवेअर विनातक्रार चालत होते. यंत्राने अडवले नाही म्हणून कागदाने परवानगी दिली, असे होत नाही.

शिवाय वापरणारा समोर बसलेलाच असावा असेही नाही. इंग्लंडमध्ये डियाजिओ या मद्य कंपनीकडे सॅपचे सॉफ्टवेअर होते, आणि त्याची किंमत नाव नोंदलेल्या वापरकर्त्यांवर ठरत होती. डियाजिओने ग्राहकांना ऑनलाइन मागणी नोंदवण्यासाठी दुसऱ्याच कंपनीच्या मंचावर सोय केली. ती मागणी आतून सॅपपर्यंत जात होती. सॅपने साडेपाच कोटी पौंडांच्या आसपास दावा लावला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने मान्य केले की तेही सॅपचे वापरकर्तेच. तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ऑनलाइन दुकान किंवा मोबाइल ॲप जोडणार असाल, तर ही गोष्ट आधी विचारा.

आपल्याकडचा कायदाही थोडक्यात सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते. कलम ५२ प्रमाणे रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची प्रत हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप करून ठेवता येते. ती प्रत दुसऱ्या टेबलावर चालवणे त्यात बसत नाही. कलम ६३ब नुसार जाणूनबुजून अनधिकृत प्रत वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. कार्यालयाला ही सवलत अर्थातच नाही.

पुढच्या भागात वर्गणीचे सॉफ्टवेअर: वर्गणी थांबली की आपल्या फाइलींचे काय होते, ते पाहू. तोवर एवढे जरूर करा. एका वहीत आपल्याकडच्या प्रत्येक विकत सॉफ्टवेअरचे नाव, बिलाची तारीख, ॲक्टिव्हेट करायची की, ते कोणत्या संगणकावर आहे आणि परवाना यंत्राचा, माणसाचा की एका वेळच्या वापराचा, हे लिहून काढा. शेवटच्या रकान्यात काय लिहावे हे कळले नाही, तर विक्रेत्याला ई-मेल करून विचारा आणि त्याचे उत्तर छापून बिलाला जोडून ठेवा.