सॉफ्टबॉलच्या ट्रायलला जाऊ का?

ज्यांचा डेटा संपलाय त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहूनही देतेय.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे सुचला. पहिल्या वर्षाची एक मुलगी विचारते, "ताई, जिमखान्याच्या बोर्डावर सॉफ्टबॉलच्या ट्रायलची नोटीस लागलीय. गुरुवारी सकाळी सहाला. मी आयुष्यात ग्लोव्ह घातलेला नाही. शाळेत आम्हाला पीटीच्या तासाला फक्त लाइनीत उभं करायचे. सगळे हसतील का? जाऊ का नको?"

जा. आता का, ते सांगते.

सॉफ्टबॉल लहानपणापासून खेळलेली मुलं-मुली आपल्याकडे ठरावीक भागांतच भेटतात. जळगाव, अमरावतीकडची पोरं शाळेतच ग्लोव्ह घालून मोठी होतात. बाकी बऱ्याच कॉलेजांच्या टीममध्ये निम्म्याहून जास्त जणी कबड्डी, खो-खो, हँडबॉल नाहीतर गल्ली क्रिकेटमधून आलेल्या असतात. खो-खोवाल्यांचं तर मला कायम कौतुक वाटतं. झटकन दिशा बदलणं आणि बिनधास्त डाइव्ह मारणं त्यांना शिकवावं लागत नाही. आणि खेळाचा जन्म तरी कुठे मोठा शास्त्रशुद्ध आहे? १८८७ साली शिकागोच्या एका क्लबात, घराच्या आत, बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने मारला. तिथून सुरुवात. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल आला, बीजिंगनंतर गेला, टोकियोत परत आला आणि लॉस एंजेलिस २०२८ मध्येही आहे.

आता ट्रायलमध्ये घोळ कुठे होतो? क्रिकेटच्या सवयींमध्ये.

माझंच ऐका. पहिल्या दिवशी मी ग्लोव्ह उजव्या हातात घातला. झेल घ्यायचा हात उजवा ना, म्हणून! मग चेंडू आला, अडवला, आणि फेकायचा कशाने? डाव्या हाताने फेकलेला चेंडू दोन पावलांवर पडला. ग्लोव्ह नेहमी न फेकणाऱ्या हातात. उजव्याने फेकता तर ग्लोव्ह डाव्यात. डावखुऱ्यांनो, तुमच्यासाठीचा ग्लोव्ह कॉलेजच्या पेटीत असेलच असं नाही, आधी विचारून ठेवा.

दुसरं, नावात 'सॉफ्ट' आहे म्हणून फसू नका. चेंडूचा घेर १२ इंच आणि वजन साधारण १८० ते २०० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा आणि जडही. महिलांच्या खेळात पिचर ४३ फुटांवरून टाकते. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, त्यावरून अंदाज घ्या. हात खालून फिरतो म्हणून चेंडू हळू येईल असं वाटतं. पहिला चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये वाजला की ते वाटणं थांबतं. टप्पाही पडत नाही. त्यामुळे बॅट सरळ धरून डिफेन्स वगैरे विसरा, बॅट आडवी फिरवायची.

तिसरी सवय सगळ्यात चिवट. क्रिकेटमध्ये मारून उभं राहता येतं. इथे चेंडू फाउल लाइनच्या आत पडला की पळायचंच, मर्जी विचारत नाही कोणी. बॅट हातात घेऊन पळू नका आणि मागे भिरकावूही नका, कॅचरच्या पायाला लागते. खाली टाका आणि सुटा. पहिल्या बेसवर वेग कमी न करता सरळ पुढे निघून गेलात तरी चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर मात्र थांबावं लागतं, बेस सुटला आणि टॅग झालात की बाद.

फोर्स आउट आणि टॅग यात सगळे गोंधळतात. लोकलचं दार आठवा. मागून माणसं येतायत तर तुम्हाला पुढे सरकावंच लागतं, जागा अडवता येत नाही. तसंच, मागच्या खेळाडूमुळे तुम्हाला पुढचा बेस गाठणं भाग असेल तर फील्डरने चेंडू हातात ठेवून त्या बेसवर पाय ठेवला तरी पुरतं, तुम्ही बाद. मागून कोणी ढकलत नसेल, स्वतःच्या हौसेने पळत असाल, तर चेंडू असलेल्या हाताने किंवा ग्लोव्हने तुम्हाला शिवावं लागतं. एवढं डोक्यात बसलं की अर्धा खेळ कळला.

ट्रायल घेणारे सर काय बघतात? पहिल्या दिवशी होमरन कोणी मागत नाही. सुटलेल्या चेंडूमागे तुम्ही धावता का, फेकताना समोरच्याच्या छातीवर येतो का, झेल घेताना "माझा!" असं ओरडता का, आणि एकदा सांगितलेली चूक दुसऱ्यांदा कमी होते का. हे जमलं तर बॅटिंग ते शिकवतात.

निवड झाली की सुरुवातीला तुम्ही बहुतेक बेंचवर किंवा राइट फील्डला असाल. पाय पळते असतील तर पिंच रनर म्हणून पहिली संधी येते. दुसऱ्या कोणाच्या जागी फक्त पळायचं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

आंतरमहाविद्यालयीन सामना. सातवी, म्हणजे शेवटची इनिंग. आम्ही एका रनने मागे, दोन जणी बाद. सरांनी मला दुसऱ्या बेसवर पाठवलं. बॅटिंगला आमची कॅप्टन, शेवटच्या वर्षाची. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. मला नियम माहीत होता, तोंडपाठ होता. पण पिचरचा हात फिरायला लागला आणि माझे पाय निघाले. अंपायरचा हात वर. चेंडू मृत, पिच रद्द, मी बाद, सामना संपला. कॅप्टनला तो चेंडू मारायलाच मिळाला नाही आणि कॉलेजकडून तिचा तो शेवटचा सामना होता.

परतीच्या गाडीत कोणी मला काही बोललं नाही. कॅप्टन माझ्याशी बोलली, पण त्या दिवशी नाही, आठ-दहा दिवसांनी. सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला परत दुसऱ्या बेसवर उभं केलं आणि पिचरच्या मनगटाकडे बघत राहायला सांगितलं. पळायचं नाही, फक्त चेंडू सुटला की "हं" म्हणायचं. अर्धा तास मी "हं, हं" करत उभी. टीममधून काढलं नाही. पुढच्या सामन्यात परत पाठवलं, तेव्हा पाय लटलट कापत होते.

हसतील का, असं विचारलंस ना? ग्लोव्हवरून हसले होते. बेस सोडल्यावर कोणी हसलं नाही.

आता थोडी कामाची गोष्ट. ग्लोव्ह लगेच विकत घेऊ नका, महिनाभर कॉलेजचा वापरा. बूट रबरी स्टडचे असले तर उत्तम, नाहीतर पकड असलेले कुठलेही. बॅटिंगला हेल्मेटशिवाय उभं राहायचं नाही, सीनियर कितीही म्हणाले तरी. हजेरीसाठी जिमखान्याचं पत्र स्पर्धेला जाण्याआधी घ्या आणि प्रॅक्टिकलच्या मॅडमना स्वतः भेटून द्या. नंतर ते पत्र कोणी बघत नाही. मुलींनो, मैदानाजवळ कपडे बदलायची सोय आणि टॉयलेट आहे का, बाहेरगावी सोबत मॅडम असतात का, हे पहिल्याच दिवशी विचारा, लाजू नका. घरी "रोज दोन तास जातील, सकाळी सहा ते आठ" असं नेमकं सांगितलं तर परवानगी मिळायची शक्यता जास्त. नुसतं "खेळायला जातेय" म्हटलं की आई-बाबांना संध्याकाळचे सात दिसतात.

तर गुरुवारी पावणेसहाला पोच. पाण्याची बाटली घे, नखं काप, कानातलं काढून ठेव. आणि संध्याकाळी व्हॉइस नोट पाठव, निवड झाली तरी आणि नाही झाली तरी.