गाता गळा, वाजती गिटार

शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटी-तबल्याच्या साथीबरोबर आता गिटार वाजवीत गाणारी मुलेही दिसू लागली आहेत. त्यांच्यासाठी बाजारात एक उपकरण मिळते. माइक आणि गिटार या दोहोंच्या वायरी त्यात खोचायच्या आणि ते पायाशी ठेवायचे. एक बटण दाबले की आवाजाला सभागृहासारखा निनाद येतो. दुसरे दाबले की एका आवाजाचे तीन आवाज होतात. तिसरे दाबले की गिटारचा नाद भरदार होतो. रोलँड कंपनीचे 'बॉस व्हीई-८' किंवा टीसी-हेलिकॉनचे 'प्ले अकॉस्टिक' ही या जातीच्या पेडलांची उदाहरणे. शाळेने किंवा पालकांनी असे पेडल घ्यायचे ठरवले की संगीताचे शिक्षक विज्ञानाच्या शिक्षकांकडे वळतात आणि विचारतात, "यातले कोणते घ्यावे?"

जाहिरातीत परिणामांची मोठी यादी असते. ती पाहून निवड केली तर बहुधा फसगत होते. गाणाऱ्याला हवे असते ते इतकेच, की गाण्याचे शब्द आणि तारांचा नाद शेवटच्या रांगेतल्या मुलापर्यंत स्वच्छ पोचावा. पेडलच्या तोंडाशीच जी माहिती हरवते, ती आतले कोणतेही गणित परत आणू शकत नाही. म्हणून निवडीचा क्रम संकेताच्या प्रवासाप्रमाणे ठेवावा. आधी आत येण्याची सोय पाहावी, मग आतली प्रक्रिया आणि शेवटी बाहेर पडण्याची वाट.

दोन पाहुणे, दोन स्वभाव

गायकाच्या हातातला नेहमीचा डायनॅमिक माइक हा एक छोटा जनित्रच असतो. आवाजाने पडदा हलतो, त्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलते आणि काही मिलिव्होल्टचा विद्युतदाब निर्माण होतो. हा संकेत दुबळा असला तरी त्याचा अंतर्गत रोध फक्त काही शे ओहम असतो. त्याला आत घेणाऱ्या पेडलने भरपूर पण स्वच्छ वर्धन करावे, एवढीच अपेक्षा. कंडेन्सर जातीचा माइक असेल तर त्याला ४८ व्होल्टचा 'फँटम' पुरवठा लागतो. तो पेडलमधून मिळतो की नाही, हे आधी विचारावे.

गिटारचा स्वभाव अगदी वेगळा. तिच्या तारा ज्या पट्टीवर टेकलेल्या असतात, तिच्याखाली बहुतेक वेळा पिझो स्फटिकाची पट्टी बसवलेली असते. स्फटिकावर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवले. गॅसच्या शेगडीचा खटका असलेला लायटर याच तत्त्वावर ठिणगी पाडतो. विद्युतदृष्ट्या ही पट्टी म्हणजे एक छोटे धारित्र आहे. धारित्र आणि त्यापुढे पेडलचा रोध, अशी जोडणी कमी वारंवारतेचे स्वर अडवते आणि जास्त वारंवारतेचे पुढे सोडते, हे आपण बारावीत शिकवतो. ही सीमा-वारंवारता म्हणजे एक भागिले २π गुणिले रोध गुणिले धारिता.

समजा, पट्टीची धारिता एक नॅनोफॅरड आहे. पेडलचा रोध १० हजार ओहम असेल तर सीमा सुमारे १६,००० हर्ट्झवर येते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. म्हणजे अशा पेडलमध्ये गिटारचा खर्ज जवळजवळ नाहीसाच होईल आणि पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येईल. रोध १० लाख ओहम असेल तर सीमा १६० हर्ट्झवर उतरते. तरीही खर्ज थोडा दबतोच. रोध एक कोटी ओहम असेल तर सीमा १६ हर्ट्झवर जाते आणि काळजी मिटते.

मात्र गिटारच्या कडेला आवाज कमीजास्त करण्याच्या कळी आणि आत ९ व्होल्टची बॅटरी असेल, तर पूर्ववर्धक गिटारमध्येच बसवलेला असतो. मग १० लाख ओहम पुरेसे होतात. तेव्हा पेडल पाहण्याआधी गिटार पाहावी. पेडलच्या माहितीपत्रकात 'इनपुट इम्पिडन्स' या नावाने हा आकडा दिलेला असतो.

निनाद आधीच हजर असतो

आत गेल्यावर सर्वांत लोकप्रिय परिणाम म्हणजे निनाद. भिंतीवरून परतलेला ध्वनी मूळ ध्वनीनंतर एक दशांश सेकंदाने किंवा त्याहून उशिरा आला, तर तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो. त्याआधी येणारे असंख्य परावर्तित ध्वनी एकमेकांत मिसळून निनाद होतो. पेडल हीच परावर्तने आकडेमोडीने तयार करते.

पण शाळेच्या सभागृहात निनाद आधीच असतो. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहात प्रयोग करून त्याचे सूत्र मांडले. निनादकाल सेकंदांत काढायचा तर ०.१६१ ला खोलीच्या घनफळाने गुणायचे आणि एकूण ध्वनिशोषणाने भागायचे. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच सभागृहाचे घनफळ १,००० घनमीटर आणि पृष्ठफळ ७०० चौरस मीटर. गिलाव्याच्या भिंती आणि फरशी सरासरी ५ टक्के ध्वनी शोषतात असे धरले, तर शोषण ३५ चौरस मीटर आणि निनादकाल ४.६ सेकंद येतो. २०० माणसे येऊन बसली आणि प्रत्येकाने ०.४५ चौरस मीटरइतके शोषण केले, तर एकूण शोषण १२५ होते आणि निनादकाल १.३ सेकंदांवर येतो.

यातून दोन गोष्टी कळतात. रिकाम्या सभागृहातल्या तालमीवरून पेडलची मांडणी कायम करू नये. आणि निनादाची कळ हाताशी हवी, आवाजाची वेगळी व गिटारची वेगळी. ज्या पेडलमध्ये निनाद कमी करण्यासाठी पडद्यावरील तीन याद्या उलगडाव्या लागतात, ते ऐन कार्यक्रमात उपयोगी पडत नाही.

दुसरा आवाज कोठून येतो?

एका आवाजाला जोड देणारा दुसरा आवाज पेडल कसा काढते? पेटीवर पांढऱ्या एकचा सा धरून मोजा. सा पासून शुद्ध ग चौथ्या पट्टीवर आहे. काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या मोजायच्या. पण रे पासून शुद्ध म तिसऱ्याच पट्टीवर आहे. म्हणजे 'दोन स्वर वरचा जोडस्वर' काढायला कधी चार पट्ट्या चढावे लागते, कधी तीन. गाण्याची पट्टी आणि त्या क्षणी वाजणारा गिटारचा स्वरमेळ कळल्याशिवाय पेडलला हा निर्णय करता येत नाही. गळा आणि गिटार एकाच पेडलमध्ये आणण्याचा खरा फायदा हा आहे. गिटार ऐकून ते गळ्यासाठी स्वर निवडते. ज्या पेडलमध्ये ही सोय नाही, त्यात गाण्याची पट्टी दरवेळी हाताने नेमून द्यावी लागते.

स्वर ओळखण्याला निसर्गाने एक मर्यादा घातली आहे. वारंवारता ठरवायला तरंगाची निदान एक-दोन आवर्तने पाहावी लागतात. पुरुषाच्या ११० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन ९ मिलिसेकंदांचे असते. दोन आवर्तने म्हणजे १८ मिलिसेकंद. कितीही महाग पेडल घेतले तरी हा वेळ टळत नाही. म्हणून चांगल्या पेडलमध्ये मूळ आवाज लगेच पुढे जातो आणि फक्त जोडस्वर थोडा मागून येतो. मूळ आवाजाला होणारा काही मिलिसेकंदांचा उशीर त्रासदायक नसतो. तीन मिलिसेकंदांत ध्वनी हवेतून जेमतेम एक मीटर जातो. तेवढे अंतर आपल्यात आणि लाउडस्पीकरमध्ये असतेच.

सूर दुरुस्त करण्याची सोयही बहुतेक पेडलांत असते. या तंत्राला प्रसिद्धी मिळाली ती १९९७ साली आलेल्या 'ऑटो-ट्यून'मुळे. त्याचे निर्माते अँडी हिल्डेब्रँड यांनी त्याआधी भूकंपीय तरंगांवरून तेलाचे साठे शोधण्याच्या क्षेत्रात काम केले होते. ही सोय गायलेला स्वर जवळच्या पट्टीवर ओढून नेते. आपल्या भावगीतातली मींड तर दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेतूनच जाते. यंत्र तिला चूक समजून तिचे जिने करते. म्हणून ही सोय पूर्ण बंद करता येते का, हे पाहावे.

शीळ का घुमते?

लाउडस्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो आणि पुन्हा बाहेर येतो. एका फेरीत तो होता त्याहून मोठा होऊन त्याच कलेत परतला, की शीळ घुमते. गिटारच्या बाबतीत हा धोका अधिक. तिचे पोट रिकाम्या बाटलीसारखे संस्पंदन पावते, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. वरची फळी २०० हर्ट्झच्या आसपास. चांगले पेडल शीळ घालणारी नेमकी वारंवारता शोधते आणि तेवढ्याच अरुंद पट्ट्यात खाच पाडते. एक-दोन खाचा कानाला कळत नाहीत. अनेक पाडल्या तर नाद पोकळ होतो. गिटारच्या भोकाला रबरी झाकण बसवणे हा स्वस्त उपाय आधी करावा.

संपीडनाच्या कळीपासून मात्र सावध राहावे. चारास एक प्रमाणात संपीडन केले, तर मर्यादेवर ८ डेसिबल गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहतो. नंतर एकूण पातळी वाढवली की हळू शब्द ऐकू येतात, हा फायदा. पण गायक श्वास घेतो तेव्हाही माइक तितकाच तीक्ष्ण झालेला असतो आणि शीळ जवळ येते.

बाहेर पडण्याची वाट

गळा आणि गिटार यांना बाहेर पडायला वेगळी दारे आहेत का, हे पाहावे. नसतील तर सभागृहातील ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याला शब्द वाढवताना गिटारही वाढवावी लागते. तीन टाचण्यांची एक्सएलआर जोडणी असेल तर उत्तम. तिच्यातील दोन तारांतून एकच संकेत उलटसुलट जातो. वाटेत ५० हर्ट्झची घरघर शिरली तर ती दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि शेवटी वजाबाकीत निघून जाते. लांब वायरीसाठी ही सोय फार मोलाची आहे.

सर्व कामे एका डब्यात आणली की तो डबा बंद पडताच गळा आणि गिटार दोन्ही मुकी होतात. म्हणून ॲडॉप्टरचा दाब, त्याची धनऋण बाजू आणि पेडल बॅटरीवर चालते का, हे तपासावे. दोन सुट्ट्या वायरी जवळ ठेवाव्यात. त्यांनी माइक आणि गिटार थेट जोडता आली पाहिजेत.

दुकानात आपलीच गिटार आणि आपलाच माइक घेऊन जावे. प्रथम सर्व परिणाम बंद करून ऐकावे. जाड तार छेडून खर्ज भरदार येतो का पाहावे. नंतर स्वरमेळ बदलत सारेगम गाऊन जोडस्वर बरोबर बदलतो का ऐकावे. शेवटी मींड घेऊन पाहावी. या चार परीक्षांत उतरलेले पेडल परिणामांच्या यादीत मागे असले तरी घ्यावे.

सभागृहाचे गणित मात्र मुलांवर सोपवावे. टेप देऊन त्यांना लांबी-रुंदी मोजू द्यावी, पडदे आणि खुर्च्या मोजू द्याव्यात आणि निनादकाल काढू द्यावा. उत्तर चार सेकंद आले, तर पेडलमधील निनादावर खर्च करण्याआधी भिंतींवर चार जाड पडदे लावावेत. ते संमेलन संपल्यावरही वर्षभर कामाला येतील.